धावायचेच आहे, तर वस्तीसाठीही धावू या

पहाटे पाचच्या सुमारास पांढरकवड्याच्या मोकळ्या रस्त्यांवर आपल्या वस्त्यांमधील मुले-मुली धावताना दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटरची धाव आणि गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे ५० गुण. कोणी सैन्यासाठी धावतो, कोणी वनरक्षक होण्यासाठी. भरती झाली की धावणे थांबते. भरती झाली नाही, तरी वय निघून गेले की थांबतेच. आणि वस्तीतल्या बाकीच्या माणसांचा या धावण्याशी काही संबंध येत नाही. धावणारे धावतात, बघणारे बघतात.

आमचे म्हणणे असे आहे की आठवड्यातून एक दिवस, रविवारी, ही धाव विहारापासून सुरू व्हावी. तिच्यामध्ये पाऊण तास वस्तीचे एखादे काम व्हावे आणि ती पुन्हा विहारातच संपावी. भरतीवाल्या मुला-मुलींबरोबर त्यात शाळकरी मुले, नोकरदार, ऑटोचालक, दुकानात दिवसभर बसणारे, घरी शिवणकाम करणाऱ्या बाया, सगळे असावेत. ज्याला धावता येत नाही त्याने चालावे. मात्र कोणते काम करायचे आणि कोणते मुळीच करायचे नाही, हे आपले आपण ठरवायचे. या शेवटच्या अटीवर आमचा सर्वांत जास्त जोर आहे. तिचे कारण पुढे सांगतो.

शरीराचा हिशेब

आधी आरोग्याचे बोलू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. शुगर आणि बीपी हे श्रीमंतांचे रोग, हा समज आता सोडून द्यावा लागेल. आपल्या वस्तीतल्या कोणत्याही दहा घरांत विचारा, गोळ्यांची पाकिटे निघतील.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. अखेरच्या वर्षांत मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, पायांच्या वेदनांनी त्यांना झोप येत नसे. वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले. त्यांच्या आयुष्याची आणखी दहा वर्षे मिळाली असती तर धम्मचळवळ कुठे असती, हा विचार आपण दर ६ डिसेंबरला करतो. तोच विचार आपल्या घरातल्या कमावत्या माणसाबद्दलही करायला हवा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे भरभर चालणे. धावण्यासारखा जोराचा व्यायाम असेल तर ७५ ते १५० मिनिटे पुरतात. मुलांना रोज सरासरी एक तास खेळ किंवा हालचाल हवी. हा हिशेब एकट्याने पाळणे कठीण जाते. दोन दिवस उत्साह असतो, तिसऱ्या दिवशी पाऊस येतो, चौथ्या दिवशी झोप लागते. विहारासमोर दहा माणसे आपली वाट पाहत आहेत हे माहीत असले, की अंथरूण सोडावेच लागते. त्यातही ‘आज त्या आजीकडे जायचे आहे’ असे काम ठरलेले असेल, तर दांडी मारताना मनाला लागते. व्यायाम आणि काम यांची जोडी जुळते ती इथे.

जगात हे कुठे होते

लंडनमध्ये २००९ च्या सुमारास आयव्हो गॉर्मली नावाच्या तरुणाने ‘गुडजिम’ ही चळवळ सुरू केली. व्यायामशाळेत यंत्रांवर घाम गाळून तो वाया का घालवायचा, असा त्याचा साधा प्रश्न होता. तो धावत एका एकट्या वृद्धाकडे वर्तमानपत्र पोहोचवायला जाऊ लागला. पुढे गट तयार झाले. ते धावत एखाद्या ठिकाणी जातात, तिथे बागेतली माती हलवतात, गरजूंसाठी आलेल्या धान्याची विभागणी करतात आणि धावत परत येतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ठरलेला धावपटू नियमित जातो. तिथे त्या म्हाताऱ्या माणसाला ‘कोच’ म्हणतात, कारण त्याच्यामुळे हा धावतो. उपकार कोण कोणावर करतो आहे, हा प्रश्नच त्या शब्दाने मिटवला आहे. हे आम्हाला फार आवडले.

स्वीडनमध्ये २०१६ पासून धावता धावता कचरा उचलण्याची पद्धत रुजली. तिला ‘प्लॉगिंग’ म्हणतात. ती जगभर पसरली. पुण्यात विवेक गुरव या तरुणाने ‘पुणे प्लॉगर्स’ हा गट उभा केला आणि टेकड्यांवरून, नदीकाठावरून पुष्कळ प्लास्टिक बाहेर काढले. आपल्या शहरासाठी सकाळी उठून वाकणारी ही मुले चांगलेच काम करतात. मुंबईत २००४ पासून होणाऱ्या मॅरेथॉनमध्येही सामाजिक संस्थांसाठी निधी गोळा होतो.

या सगळ्यातून घेण्यासारखे आहे. पण जसेच्या तसे उचलून पांढरकवड्यात आणण्यासारखे नाही. आपली वस्ती लंडनही नाही आणि पुण्याची टेकडीही नाही.

आपल्याकडची जुनी वाट

शरीर झिजवून लोकांचे काम करणे आपल्याला कोणी परदेशातून शिकवावे, अशी स्थिती नाही. भगवान बुद्ध ४५ वर्षे पायी चारिका करीत राहिले. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याच्या सरावाचे, पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास सोसतो, परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि मिळालेली एकाग्रता जास्त काळ टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या डॉक्टरांच्या सल्ल्याहून फारसा वेगळा नाही.

विनयातली आजारी भिक्खूची गोष्ट आपण विहारात अनेकदा ऐकतो. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. का, असे भगवंतांनी विचारले तेव्हा उत्तर आले की तो इतरांच्या काही कामाला येत नाही. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. आज आपल्या वस्तीत ज्यांची मुले नागपूर, पुणे, हैदराबादला कामाला गेली आहेत अशी म्हातारी माणसे दार लावून पडलेली असतात. त्यांच्याकडे कोणी का जात नाही, याचे खरे उत्तर त्या भिक्खूंनी दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळे आहे का?

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी प्लेगची लागण झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले. त्याच रोगाने १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत आणि आधी गाव झाडून मगच कीर्तनाला उभे राहत. बाबासाहेबांवर त्यांचे प्रेम होते. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

आणि समता सैनिक दल तर आपलेच. १९२७ च्या महाडच्या लढ्याच्या काळात बाबासाहेबांनी ते उभे केले. शरीर कमावलेली, शिस्तीत चालणारी, सभेतल्या माणसांना धक्का न लागू देणारी ही पोरे होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखोंचा जनसागर नागपुरात शांतपणे उभा राहिला, त्यामागे स्वयंसेवकांचे कष्ट होते. आजही दीक्षाभूमीवर दलाचे सैनिक गर्दी सांभाळताना आपण पाहतो. मैदानावरचा व्यायाम समाजाच्या कामी कसा येतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. जयंतीच्या मिरवणुकीपुरती ही परंपरा ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे.

झाडू कोणाच्या हाती?

आता त्या अटीकडे येऊ. धावण्याला समाजकार्याची जोड द्या म्हटले, की सगळ्यांना पहिल्यांदा स्वच्छता आठवते. झाडू घ्या, नाल्या काढा, फोटो काढा. इथे आपण थांबून विचार केला पाहिजे.

आपले आजे-पणजे धावत होतेच. पण ते हुकमाने धावत होते. गावात सरकारी माणूस आला की त्याचे सामान उचलून पुढच्या गावापर्यंत महाराने धावायचे. कोणाच्या घरी मयत झाली की नातेवाइकांच्या गावोगावी सांगावा घेऊन महाराने धावायचे. सारा तहसीलला पोहोचवायला महाराने धावायचे. बदल्यात शिळी भाकर आणि मेलेले ढोर. मुंबई इलाख्यातल्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच वेठबिगारीतून सुटण्यासाठी. वऱ्हाडाचा कारभार वेगळा होता, पण रात्री-अपरात्री दारावर पडणारी थाप सगळीकडे सारखीच होती. मेलेली ढोरे ओढणे आपण सोडले, तेव्हा किती गावांत बहिष्कार पडले हे जुन्या माणसांना विचारा.

मध्यमवर्गीय तरुण रविवारी तासभर कचरा उचलतो, तेव्हा त्याचे कौतुक होते. तोच कचरा रोज उचलणाऱ्या सफाई कामगाराचा फोटो कोणी काढत नाही. कचरा एकच, उचलणाऱ्याची जात वेगळी. म्हणून ‘बौद्ध वस्तीतली पोरे आता शहर झाडतात’ अशी बातमी आपल्याला नको. जे काम जातीने आपल्या कपाळी मारले होते, ते सेवेच्या नावाने परत आपल्या हाती येऊ द्यायचे नाही.

गाडगेबाबांचा खराटा आणि वतनदाराच्या धाकाने हाती आलेला झाडू यांत एकच फरक आहे. गाडगेबाबांना कोणी हुकूम केला नव्हता. तो फरक आपण सांभाळायचा.

दुसरी गोष्ट कायद्याची. रस्त्यावरचे दिवे, गटारे, सार्वजनिक स्वच्छता, पिण्याचे पाणी ही महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ प्रमाणे नगरपरिषदेची कर्तव्ये आहेत. त्यासाठी आपण कर भरतो. आपण फुकट नाली काढू लागलो, तर उद्या नाली काढायला कोणी येणारच नाही. गटारात, सेप्टिक टँकमध्ये तर आपल्या एकाही मुलाने उतरता कामा नये. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मग कोणती कामे करायची?

आमच्या मते ही पाच कामे आपल्या वस्तीला शोभतात आणि उपयोगीही पडतात.

पहिले, म्हाताऱ्या माणसांची भेट. वस्तीत एकटे राहणारे आजी-आजोबा किती, याची यादी महिला मंडळाकडे तोंडपाठ असते. प्रत्येक घराला दोन धावणारे ठरवून द्यावेत. त्यांनी दर रविवारी जायचे, बसायचे, बीपी-शुगरच्या गोळ्या संपल्या का ते पाहायचे, पाणी भरून द्यायचे, सरकारी दवाखान्यात न्यायचे असेल तर दिवस ठरवायचा. जायचे ते नेहमी दोघांनी. एकट्या बाईकडे मुलींनीच जायचे. घराच्या आत फोटो काढायचा नाही आणि मोबाइलच्या स्टेटसवर कोणाच्या गरिबीचे प्रदर्शन मांडायचे नाही. एवढी शिस्त पाळली तरच लोक दार उघडतील.

दुसरे, कोरडा दिवस. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी केली की साखळी तुटते. आपली रविवारची धाव या हिशेबात नेमकी बसते. नळ रोज येत नाही म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, रांजण भरलेले असतात. उन्हाळा संपल्यावर कूलरच्या टाकीत तसेच पाणी राहते. छपरावर जुने टायर असतात. डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी वाळले तरी टिकून राहतात. म्हणून नुसते पाणी फेकून भागत नाही, आतली बाजू घासावी लागते. घासायचे ते घरच्यांनी, धावणाऱ्यांनी आठवण द्यायची आणि म्हाताऱ्यांच्या घरी हात लावायचा.

तिसरे, तक्रारींची धाव. धावताना कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे, कुठे जलवाहिनी फुटली आहे, कोणत्या गल्लीत नाली तुंबली आहे, याची नोंद करायची. विहारात परत आल्यावर एक अर्ज लिहायचा, त्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि सोमवारी तो नगरपरिषदेत देऊन पोच घ्यायची. महिन्याभरात काही झाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली पुढचा अर्ज. आपण नाली काढत नाही, नाली काढायला लावतो. हेही समाजकार्यच आहे, आणि आपल्या परंपरेतले आहे.

चौथे, विहारातली अभ्यासिका. पुस्तकांना कव्हर घालणे, वर्तमानपत्रे लावणे, लहान मुलांना पाऊण तास गणित शिकवणे. भरतीची तयारी करणाऱ्यांना लेखी परीक्षाही द्यायची असते. त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांना शिकवले, तर त्यांचाही अभ्यास पक्का होतो.

पाचवे, झाडे. जयंतीला लावलेले पिंपळाचे, कडुनिंबाचे रोप मे महिन्यात वाळते, कारण लावताना शंभर हात असतात आणि पाणी घालायला एकही नसतो. धावणाऱ्यांनी विहारातून पाण्याचे डबे नेऊन ती जगवावीत. डबा घेऊन चालणे हा हातांचा आणि खांद्यांचा व्यायामही आहे.

सिकलसेल: हे आधी वाचा, मग धावा

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशींचा आकार विळ्यासारखा होतो, त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. शरीरातले पाणी कमी होणे, फार ऊन, फार थंडी आणि अतिश्रम यांमुळे हा त्रास उफाळतो. म्हणजे धावण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

ज्याला ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. त्याला गटातून वगळायचेही नाही. अभ्यासिका, अर्ज लिहिणे, म्हाताऱ्यांची यादी ठेवणे ही कामे त्याच्याकडे द्यावीत आणि जमेल तेवढे सावकाश चालावे. ज्याच्या रक्तात ‘एएस’ आहे तो वाहक असतो. वाहक धावू शकतो. पण त्याने अंतर हळूहळू वाढवावे, भरपूर पाणी प्यावे, उन्हात जिवाच्या आकांताने शर्यत लावू नये. मांड्या-पोटऱ्यांत अचानक वेदना, अशक्तपणा किंवा धाप लागली तर तिथेच थांबून सावलीत बसावे, पाणी प्यावे आणि आराम पडला नाही तर लगेच दवाखाना गाठावा. भरतीच्या मैदानावर ‘थोडं अजून, थोडं अजून’ असे ओरडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

आपण वाहक आहोत की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी रक्ततपासणी लागते. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांच्या तपासणीवर भर आहे. धाव सुरू करण्याआधी गटातल्या सर्वांनी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्यावी. धावण्याच्या गटाचे हेच पहिले काम ठरले, तरी आम्ही समाधानी असू. कारण याचा संबंध लग्नाशीही आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल ‘एसएस’ होण्याची शक्यता २५ टक्के असते. पत्रिका आपण सोडली, ते योग्यच केले. आता रक्ताचा अहवाल पाहायला शिकू या. आणि वाहक असणे हा कोणाचा दोष नाही, हेही घराघरांत सांगू या.

ऊन, रस्ता, जंगल

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत सूर्य वर येण्याआधी सगळे आटोपावे आणि धावण्याऐवजी चालावे. सोबत पाणी हवेच. जलसंजीवनी घरी करता येते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शुगरच्या रुग्णांनी हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

नागपूर-हैदराबाद महामार्गावर धावू नये. अंधारात ट्रकवाल्याला आपण दिसत नाही. आणि शहराबाहेर जंगलाच्या बाजूला पहाटे एकट्याने मुळीच जाऊ नये. टिपेश्वर अभयारण्य आपल्या जवळ आहे. २०१८ मध्ये वाघिणीच्या भीतीने पांढरकवडा वनविभागातली गावे कशी गारठली होती, हे आपण विसरलेलो नाही. वस्तीतले रस्ते आणि एखादे मैदान पुरेसे आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, शुगर-बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. पहिला महिना चालावे, मग थोडे धावावे, थोडे चालावे. शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. टोंगळे दुखत असतील तर जबरदस्ती नको. महाग बुटांची गरज नाही, पण फाटक्या चपलेत धावू नये. शुगर असलेल्यांनी घरी आल्यावर तळपाय पाहावेत. लहान जखमही त्यांना महागात पडते.

शंका आणि उत्तरे

‘दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईला धावायला सांगता?’ नाही सांगत. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या शरीराला श्रम कमी पडत नाहीत, विश्रांती कमी पडते. तिला व्यायामाचे धडे देणे ही थट्टा होईल. रविवारी तिच्या घरचे पाणी कोणी भरून दिले, तिच्या मुलाला कोणी शिकवले, तर या उपक्रमातला तिचा वाटा तिला मिळाला. ही धाव प्रामुख्याने बसून काम करणाऱ्यांसाठी आणि तरुणांसाठी आहे.

‘भरतीच्या मुलांचा सराव बुडेल.’ बुडणार नाही. सहा दिवस जोरात धावणाऱ्या शरीराला एक दिवस हलका लागतोच. रविवारची सावकाश धाव तो दिवस देते.

‘पोरी कशा येतील?’ एकटी मुलगी पहाटे धावते तेव्हा घरच्यांच्या जिवाला घोर असतो. पंधरा-वीस जणींचा गट, सोबत दोन-तीन मावशी आणि ताई असल्या, तर तो घोर कमी होतो. मार्ग आणि वेळ मुलींनी ठरवावी. त्यांना सोयीची वेळ सगळ्यांनाच सोयीची पडते.

‘पुढारी टी-शर्ट वाटायला येतील.’ येतील, हे खरे. निवडणूक जवळ आली की पाठीवर फोटो छापलेले टी-शर्ट हमखास येतात. आपले जुने कपडे बरे. बॅनर नको, अध्यक्ष नको, जयंती समित्यांचे गट-तट नकोत. दर महिन्याला एक मुलगा आणि एक मुलगी यांनी यादी व हजेरी सांभाळावी, पुढच्या महिन्यात दुसऱ्यांनी.

‘फक्त बौद्धांसाठीच का?’ मुळीच नाही. शेजारच्या मोहल्ल्यातला, आदिवासी वस्तीतला, कोणीही आला तर त्याचे स्वागत. मैत्रीचे धडे आपण विहारात घेतो, ते रस्त्यावरही उपयोगी पडावेत. मात्र काम कोणते करायचे, हे सगळ्यांनी बसून ठरवायचे. कोणी कोणाला हुकूम करायचा नाही.

सुरुवात कधी?

मोठ्या कार्यक्रमाची वाट पाहू नका. १४ एप्रिलला, २६ नोव्हेंबरला दौड काढणे चांगलेच. पण एका दिवसाच्या दौडीने शुगर उतरत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचे एकटेपण जात नाही. विहारात रविवारी वंदना होतेच. तिच्या दीड तास आधी जमा. त्रिशरण-पंचशील घ्या, दहा मिनिटे भरभर चाला, दोन किलोमीटर सावकाश धावा, पाऊण तास ठरलेले काम करा आणि चालत परत या. परत आल्यावर माणसे मोजा. निघाले तेवढे सगळे परत आले पाहिजेत. सर्वांत मागे राहणाऱ्याच्या सोबत नेहमी एक जण असलाच पाहिजे, हा एकच नियम कधी मोडू नका.

पहिल्या रविवारी चार जण आले तरी चालेल. चार जणांत दोन म्हाताऱ्यांच्या घरी जाता येते आणि एक अर्ज लिहून होतो. महिन्याच्या शेवटी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: किती जण आले, कोणती कामे झाली, नगरपरिषदेकडून कोणत्या अर्जाचे उत्तर आले. तो कागद विहाराच्या फळ्यावर लावा. वर्षभराने तोच आपला अहवाल असेल.

आपल्या आधीच्या पिढ्या दुसऱ्यांच्या हुकमाने धावल्या. आपण आपल्या मर्जीने, आपल्या वेळेला, आपल्या माणसांसाठी धावू शकतो. हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. तो अंथरुणात पडून वाया घालवू नये, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!